दोन्ही हातांचा नमस्कार

त्या प्रकरणाची आठवण आजही गेलेली नाही, आणि खरं सांगायचं तर ती जावी म्हणून मी बराच प्रयत्न केला. आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मानवी हक्कांवर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. बायको म्हणाली, "लिहा ना. एवढी वर्षं ट्रेनिंगच्या मुलांना त्यावरच लेक्चर देत होतात. तुम्हाला तर बिल्कुल सोपं आहे." तिचं बरोबर होतं. लेक्चर मी डोळे मिटूनही देऊ शकलो असतो, आणि बहुतेक वेळा तसंच दिलं.

माझे वडील फौजेत होते. सातारा जिल्ह्यातून बदलीवर दिल्ली छावणीत आले आणि इथलेच झाले. मी छावणीच्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि पुढे पोलिसांत फौजदार म्हणून भरती झालो. निवृत्त झाल्यापासून मयूर विहारमध्ये राहतो आहे. ही गोष्ट घडली तेव्हा मी यमुनेपलीकडच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. कुठलं ठाणं ते सांगत नाही आणि माणसांची नावंही घेणार नाही. त्या बिचाऱ्यांचं आधीच खूप उघड्यावर आलं होतं.

माझ्या ठाण्याची एक ख्याती होती. तिथे आरोपीवर हात उचलला जात नसे. शिवीगाळ झालेली मला खपत नसे. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारा फलक प्रत्येक ठाण्यात असतो, पण बहुतेक ठिकाणी तो वॉटर कूलरच्या मागे दडलेला असतो. मी तो नव्याने रंगवून घेतला आणि दारातच लावला. नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, वकिलाला भेटू देणं, सगळं जिथल्या तिथे होत असे. हाताखालची माणसं मला मागून 'प्रोफेसर साहब' म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. स्वतःची पाठ थोपटून घ्यायची सवय माणसाला फार लवकर लागते.

हिवाळा सुरू होत होता. आमच्या हद्दीतल्या एका सोसायटीतून एक मराठी बाई बेपत्ता झाल्याची तक्रार आली. बाई केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या होत्या. आजूबाजूची मराठी घरं त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. काकूंना विसरण्याचा आजार सुरू झाला होता आणि साखरेचा आजार जुना होता. रोज इन्सुलिन घ्यावं लागे. अविवाहित मुलगी त्यांच्याजवळ राहत होती. ती गुडगावला नोकरीला होती, सकाळी मेट्रोने जायची ती दिवेलागणीला परतायची. काकूंना देवळात आणि भाजीबाजारात न्यायला तिने एक ई-रिक्षावाला ठरवून दिला होता. पन्नाशी उलटलेला, कुर्ता-पायजमा घालणारा गृहस्थ. काकू फाटकात दिसल्या की तो रिक्षातून उतरून दोन्ही हात जोडायचा आणि "नमस्ते माताजी" म्हणायचा. त्याच्या त्या नमस्कारावर विश्वास ठेवून आपण आईला त्याच्यावर सोपवलं, असं मुलीने मला तक्रार लिहून देताना सांगितलं. त्या दिवशी ती कामावरून परतली तेव्हा काकू घरी नव्हत्या.

खबर दुसऱ्या दिवशी मिळाली. मेट्रोच्या दाराशी मोमोची गाडी लावणारा एक जण आमचा जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, काकूंना घेऊन ती रिक्षा देवळाच्या उलट दिशेला, गाझियाबादच्या रस्त्याने गेली आणि तेव्हापासून रिक्षावाला स्टँडवर फिरकलेला नाही. त्याचं घर गाझियाबादच्या हद्दीत होतं. आमची माणसं तिथे पोहोचली तेव्हा तो बाहेर गेलेला होता, आणि कुठे ते बायकोला सांगता येईना. परत आल्यावर त्याला ताब्यात घेतलं. रिक्षाच्या सीटखाली काकूंची शाल सापडली. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला.

ठाण्यात आणल्यावर तो बोलला. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, की सुरुवातीला तो सगळं बोलला होता. माताजी म्हणाल्या घरी चल. त्यांच्या सोसायटीकडे वळलो तर रागावल्या, हे माझं घर नाही म्हणाल्या. सरळ चल, मी सांगते, म्हणाल्या. असं करत करत गाझियाबादमध्ये जुन्या क्वार्टर्सच्या एका वस्तीत नेलं, इथेच माझं घर आहे म्हणून शाल रिक्षातच टाकून उतरल्या. तो त्यांच्यासाठी पाणी आणायला गेला, तेवढ्यात त्या कुठल्या तरी गल्लीत शिरल्या. तेव्हापासून तो त्यांना शोधतोय. वस्तीचं नाव त्याला माहीत नव्हतं.

"चलकर दिखा दूँगा, साहब. अभी चलिए," तो म्हणाला.

मग मुलीला का कळवलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, नंबर नव्हता, आणि पोलिसांची भीती वाटली. हे ऐकून मी मनात हसलो. प्रत्येक आरोपीला आमची भीती वाटतेच, ती काही सबब झाली का? तरी मी त्याला जागा दाखवायला नेणार होतो. फक्त आधी कागद. अटकेचे कागद पुरे व्हायच्या आत जागा दाखवायला नेलं तर पुढे न्यायालयात वकील आमच्या चिंधड्या उडवतो. म्हणून आधी अटक, मग जामा तलाशी, मग तपासणी, आणि मग जागा, असा क्रम मी लावून दिला.

जामा तलाशी म्हणजे अंगझडती. कोठडीत टाकण्याआधी आरोपीच्या अंगावरची प्रत्येक वस्तू काढून घेतात आणि ठाण्याचा मुन्शी ती जमा करून ठेवतो. मोबाइल, किल्ल्या, गमछा, पट्टा. आणि पायजमा असेल तर त्याची नाडी. कारण उघड आहे, कोठडीत कुणी गळफास लावून घेऊ नये. माझ्या आधीच्या ठाण्यात एकाने तसं केलं होतं आणि मी ते प्रेत उतरवताना पाहिलेलं आहे, तेव्हा या नियमाची चेष्टा मी करणार नाही. जीव वाचवण्यासाठीच तो केलेला आहे. एवढी वर्षं माझ्या डोळ्यांदेखत शेकडो माणसं पायजमे मुठीत धरून कोठडीत गेली आणि मला त्यात पाहण्यासारखं काही वाटलं नाही.

मग त्याला सरकारी इस्पितळात तपासणीला नेलं. आरोपीला बेड्या घालायच्या नाहीत, म्हणून आमचा शिपाई त्याच्या बोटांत बोटं अडकवून चालतो. एक हात शिपायाकडे, दुसऱ्या हातात पायजमा, असा तो गर्दीतून गेला. त्याची बायको आणि लग्न झालेली मुलगी तिथे पोहोचल्या होत्या, कारण नियमाप्रमाणे आम्हीच त्यांना कळवलं होतं. गर्दीमुळे डॉक्टरांनी दारातच तपासणी उरकली. कुठे मार लागलाय का ते पाहायला म्हणाले, दोन्ही हात वर कर. तो घुटमळला. शिपाई ओरडला. त्याने हात वर केले आणि पायजमा खाली गेला. रांगेतली माणसं हसली. त्याच्या मुलीने तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

हे मला शिपायाने चहा पिताना सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. मग डॉक्टरांचा कागद पाहिला. अंगावर कोणतीही इजा नाही, असं त्यात लिहिलं होतं. मी समाधानाने तो फाइलला लावला.

त्यानंतर तो बोलायचा बंद झाला. चल, जागा दाखव, म्हटलं तर कोठडीच्या कोपऱ्यातून उठेना. ठाण्याच्या फाटकाबाहेर त्याच्या स्टँडवरचे रिक्षावाले जमले होते, त्याची माणसंही तिथेच बसून होती. मी त्याला माझ्या खोलीत आणवलं, खुर्ची दिली, चहा दिला, अगदी मऊ आवाजात बोललो. तो पोटाशी दुमडून बसला होता. दोन्ही हात पोटावर, नजर फरशीवर. चहाला त्याने हात लावला नाही. उभा राहा म्हटलं तर उभा राहिला नाही. चौकशीची कला मी नव्या फौजदारांना शिकवत असे. नजर चुकवणारा, अंग आखडून बसणारा, प्रश्न विचारला की पोटाशी हात घट्ट करणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं मी त्यांना सांगे. या वेळी तेच मी माझ्या सहकाऱ्यांना ऐकवलं. तो लपवत होता हे खरंच होतं. काय, एवढं मात्र मला कळलं नाही.

मी गाझियाबादच्या रस्त्यावरच्या कालव्यात पाणबुडे उतरवले. आणि त्या मुलीला, जिचा जीव आईसाठी टांगणीला लागला होता, बाजूला घेऊन मी म्हणालो, मनाची तयारी ठेवा. तिने नुसती मान हलवली. मधला सगळा दिवस असा गेला. गाझियाबादच्या चौक्यांना काकूंचा फोटो पाठवला होता, पण दोन राज्यांच्या पोलिसांमध्ये एखादा कागद कसा सरकतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा आली. आतापर्यंत मला सर म्हणणारी ती, त्या दिवशी म्हणाली, "काका, मला एकदाच त्याच्याशी बोलू द्या. मी भांडणार नाही. फक्त आई कुठे आहे ते विचारीन." मी तिला कोठडीच्या गजांसमोर घेऊन गेलो. मला वाटलं, हिला पाहून तो फुटेल. चौकशीतला तो माझा शेवटचा डाव होता.

तिला पाहिलं आणि तो सवयीने उठला. दोन्ही हात वर येऊ लागले. छातीपर्यंत यायच्या आत एक हात झटकन खाली गेला आणि त्याने पायजमा पकडला. दुसरा हात तसाच हवेत राहिला. एका हाताने नमस्कार कसा करायचा? त्याने तो हातही खाली घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मुलगी माझ्याकडे वळली. "आज त्याने हातही जोडले नाहीत, काका. म्हणजे खरंच त्याने काही केलंय का हो?"

तिने जे पाहिलं तेच मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला आत्ता लागला होता, आणि तो लागताच माझे कान तापले. कालचा चहा आठवला. तो पिण्यासाठी सुद्धा एक हात सोडावा लागला असता. उभा राहा असं मी त्याला कितीदा म्हटलं होतं. माझ्या दारातल्या त्या रंगवलेल्या फलकाखालून हा माणूस गेला, तेव्हा त्याचे दोन्ही हात अडकलेले होते. बेड्यांशिवाय अडकलेले.

मी मुन्शीला म्हटलं, याची नाडी आण. मुन्शी जुना माणूस. तो म्हणाला, "साहब, कुछ कर बैठा तो नौकरी आपकी जाएगी." मी म्हटलं, जाऊ दे. त्याने नाडी आणली, पण ओढून काढलेली नाडी पुन्हा घालणं म्हणजे काही क्षणाचं काम नाही. काडी लागते, नाहीतर पिन. ठाण्यात पिन मिळेना. तेव्हा हे सगळं काय चाललंय हे त्या मुलीच्या लक्षात आलं. तिने ओढणीला लावलेली सेफ्टी पिन काढली आणि माझ्या हातात ठेवली. तिच्या डोळ्यांकडे मी पाहिलं नाही. आम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली. मी, मुन्शी, पहाऱ्यावरचा शिपाई, ती. मागे कापडाची सळसळ ऐकू येत होती. नाडी मधेच अडकली असावी, कारण बराच वेळ लागला, आणि मी भिंतीवरच्या पोपड्यांकडे पाहत उभा होतो. माझ्या नोकरीत मी एवढा वेळ कुणाकडे पाठ करून उभा राहिलो नव्हतो.

मग मागून आवाज आला, "बिटिया, नमस्ते."

तो गजांपाशी सरळ उभा होता, दोन्ही हात जोडून. "चलो," तो म्हणाला, "मैं जगह दिखाता हूँ. माताजी वहीं कहीं होंगी."

जीपमध्ये तो पुढे बसला. इथून डावीकडे, त्या पेट्रोल पंपाला वळसा, रेल्वे फाटक ओलांडून सरळ, असं हाताने दाखवत गेला. गाझियाबादच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचे पडके क्वार्टर होते. मुलगी पाहताच म्हणाली, बाबा इथल्या कारखान्यात नोकरीला होते, लग्नानंतर आई इथेच राहायला आली होती. काकू खरोखरच घरी आल्या होत्या. फक्त त्यांचं घर पन्नास वर्षं मागे राहिलं होतं. रिक्षावाला याच गल्ल्यांतून एकटा विचारत हिंडला होता, पण अनोळखी पुरुष म्हाताऱ्या बाईची चौकशी करतोय म्हटल्यावर लोकांनी दारं लावून घेतली. आमच्याबरोबर मुलगी होती, वर्दी होती. दारं उघडली.

तिसऱ्या की चौथ्या दारातच काकू भेटल्या. अंगावर दुसऱ्याच कुणाची धुतलेली साडी होती, केस विंचरलेले होते, पण अंग तापाने फणफणलं होतं आणि एका पायाला फडकं बांधलेलं होतं. गल्लीत चप्पल हरवून अनवाणी चालताना काचेवर पाय पडला होता. त्या घरातली बाई सांगत होती, चौकीवर जाऊन आले, तिथे म्हणाले दिल्लीची बाई दिल्लीला कळवा. मी तिला विचारलं, काकू आल्या तेव्हा नाव-पत्ता काही विचारलात का.

ती म्हणाली, "नाम बाद में पूछा. पहले तो कपड़े बदलवाए. कपड़े ख़राब हो गए थे, बेचारी शर्म से सिर नहीं उठा रही थीं."

मी तिथे उभा होतो, खांद्यावर सरकारी तारे लावून. त्या बाईने आधी कपडे दिले आणि मग नाव विचारलं होतं. आम्ही नाव आधी विचारलं, मग कपडे सैल केले, आणि मग हा माणूस मान का वर करत नाही याची अटकळ बांधत बसलो. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

काकू वाचल्या. पण पायाची जखम चिघळली होती, इन्सुलिनही चुकलं होतं, आणि त्या पायाची बोटं काढावी लागली. लवकर आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. त्यांना त्या मधल्या दिवसाची गोष्ट माहीत नव्हती. मला होती. "अभी चलिए," असं तो म्हणाला होता, आणि मी कागदांचा क्रम लावत बसलो होतो. त्या क्रमात एकही कलम मोडलं नव्हतं. वरिष्ठांनी तर वाखाणणी केली, आरोपीला बोट न लावता छडा लावला म्हणून. मी ती ऐकून घेतली. ते जास्त लाजिरवाणं होतं.

रिक्षावाल्याची सुटका झाली, प्रकरण बंद झालं. मी कोठडीसाठी इलॅस्टिकचे काही पायजमे मागवले. एवढाच तो उपाय होता. जीवही राहतो आणि लाजही राहते. तो सुचायला ना कायद्याची पदवी लागत होती ना लेक्चर, फक्त समोरच्या माणसाकडे एकदा नीट पाहावं लागत होतं. माझी बदली झाल्यावर पुढे कधीतरी त्या ठाण्यात गेलो, तर त्याच पायजम्यांनी जीप पुसली जात होती.

लोक मला विचारतात, गुन्हेगाराला कसले मानवी हक्क? मला त्यांचा राग येत नाही, कारण मी त्यांच्याहून शहाणा नव्हतो. हक्क म्हणजे न मारणं, एवढंच मला समजलं होतं. आता वाटतं, माणसाचे हात त्याच्याकडे मोकळे राहू देणं, म्हणजे त्याला कुणाला तरी नमस्कार करता येईल, चहा पिता येईल, रस्ता दाखवता येईल, ही हक्कांची पहिली पायरी आहे. त्या मोकळ्या हातांनीच काकू सापडल्या. लोककल्याण वगैरे मोठे शब्द मला पुढे जोडता येत नाहीत.

सुटका झाल्यावर तो स्टँडवर परत आला नाही. इस्पितळातला प्रसंग तिथे सगळ्यांना ठाऊक झाला होता. निवृत्तीनंतर एकदा मी पत्ता शोधत त्याच्या घरी गेलो. माफी मागायची होती. त्याने खाट टाकली, बायकोला चहा करायला सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो म्हणाला, "नहीं साहब, आप लोगों ने मुझे मारा नहीं. मैं तो सबको बताता हूँ, बहुत अच्छा थाना था."

चहा पिऊन मी निघालो. तो मला दारापर्यंत सोडायला आला. निरोपाचा नमस्कार करण्याआधी त्याचा एक हात सवयीने कमरेपाशी गेला, कुर्त्याखालची गाठ चाचपून परत आला, आणि मग त्याने दोन्ही हात जोडले.